पिंपाचा स्मोकर घरी बनवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लोखंडी पिंपापासून स्मोकर, म्हणजे मांस धुरात सावकाश शिजवायचं साधन, बनवणारे आणि बनवून झाल्यावर त्याच्याशी झगडणारे, दोघांचेही नेहमीचे प्रश्न इथे एकत्र घेतले आहेत. तापमान चढतं, उतरतं, धूर कडू लागतो, मांस एका बाजूने करपतं, या तक्रारी वेगवेगळ्या वाटल्या तरी त्यांतल्या बहुतेकांचं मूळ एकच असतं: पिंपात हवा किती आणि कुठून शिरते. म्हणून हवेबद्दलची उत्तरं मुद्दाम लांब आहेत.

पिंपाचा स्मोकर इतर स्मोकरपेक्षा वेगळा कसा?

यात तळाशी कोळसा, वर जाळी आणि त्यावर झाकण असतं. मध्ये काही नसतं. बाजूला वेगळी भट्टी असलेल्या स्मोकरमध्ये आच आडवी येते; इथे ती सरळ खालून वर येते. मांसातून सुटणारी चरबी आणि रस थेट निखाऱ्यांवर पडतात, त्यांची वाफ होऊन पुन्हा मांसाला लागते. पिंपातल्या मांसाला जी खास चव येते ती यामुळेच. जाळी निखाऱ्यांपासून बरीच उंच असल्याने मांस भाजलं न जाता सावकाश शिजतं.

कोणतं पिंप घ्यावं?

साधारण २०८ लिटरचं, म्हणजे ५५ गॅलनचं, पूर्ण झाकण निघणारं पोलादी पिंप. त्याचा व्यास सुमारे ५७ सें.मी. आणि उंची ८५ ते ८८ सें.मी. असते. झाकण आवळायला कडं असतं. आत कसलाही थर नसलेलं नवं पिंप मिळालं तर अर्धं काम वाचतं. नाहीतर खाद्यतेल, सरबताचा अर्क, मध असे खाण्याचे पदार्थ भरलेलं पिंप शोधा.

रसायनं, कीटकनाशकं, रंग, सॉल्व्हंट भरलेलं किंवा आधी काय होतं हे कुणालाच सांगता येत नाही असं पिंप घेऊच नका. ते फुकट मिळत असलं तरी नको. जाळून आणि घासून सगळं निघून जातं असं सांगणारे भेटतील, पण ते खात्रीने सांगता येत नाही आणि त्यात शिजलेलं अन्न तुम्ही दुसऱ्यांच्या ताटात वाढणार आहात. जस्ताचा मुलामा दिलेलं पिंपही चालणार नाही. मुलामा तापला की निघणारा जस्ताचा धूर छातीत गेला तर थंडी-ताप भरतो, अंग मोडून येतं.

आतला लाल किंवा पिवळट थर कसा काढायचा?

तो बहुधा इपॉक्सी-फिनॉलिक लेप असतो. साबणाने किंवा नुसत्या घासण्याने तो निघत नाही, जाळावाच लागतो. झाकणातली रबरी रिंग आणि बुचांचे प्लास्टिकचे भाग आधी काढून टाका. हवेची भोकं जाळण्याआधीच पाडा, म्हणजे आग नीट धगधगते. मग उघड्यावर, घरांपासून लांब, कोरड्या लाकडांचा मोठा जाळ पिंपात करा. झाकणही त्यावर तिरपं ठेवून जाळून घ्या. थर आधी काळा पडतो, फोड येतात, मग खपल्या सुटतात. सगळीकडे राखाडी कोरडा पत्रा दिसेपर्यंत जाळ चालू ठेवायचा. तळाच्या कोपऱ्यात आणि झाकणाच्या आतल्या कडेला थर हमखास चिकटून राहतो. तिथे नखाने किंवा स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने खरवडून पाहा. थराची खपली निघाली तर पुन्हा जाळ करा.

पिंप थंड झालं की ग्राइंडरवर तारेचा ब्रश लावून घासा. या वेळी बारीक कणांसाठीचा मास्क आणि डोळ्यांना चष्मा हवाच. मग धुवा, लगेच कोरडं करा आणि आतून खाद्यतेलाचा पातळ हात फिरवा, नाहीतर थोड्याच वेळात गंजाची लाली दिसू लागते.

माझ्याकडे बंद तोंडाचं पिंप आहे. वरचा पत्रा ग्राइंडरने कापू का?

आत ज्वलनशील पदार्थाची वाफ राहिली असेल तर ग्राइंडरच्या एका ठिणगीने पिंपाचा स्फोट होतो. यात माणसं दगावली आहेत. रिकामं दिसणारं पिंप भरलेल्यापेक्षा जास्त धोक्याचं असतं, कारण आत वाफ आणि हवा मिसळलेली असते. माझं मत स्पष्ट आहे: झाकण निघणारं पिंपच मिळवा.

कुठे काय बसवायचं? मापं सांगा.

हवेच्या नळ्या तळापासून ५ सें.मी. वर. कोळशाच्या टोपलीचा तळ पिंपाच्या तळापासून ७ ते ८ सें.मी. उंच, म्हणजे राख खाली पडायला जागा राहते. मांसाची जाळी वरच्या काठापासून १७ ते १८ सें.मी. खाली. हे जमलं की टोपलीच्या तळापासून जाळीपर्यंत साधारण ६० सें.मी. अंतर मिळतं, तेच महत्त्वाचं आहे. ते कमी केलं तर स्मोकरची शेगडी होते.

जाळी टेकवायला चार बोल्ट पुरतात. सपाटी दाखवणारी लेव्हल ठेवून खुणा करा, नाहीतर जाळी कलते आणि मांस सरकतं. बोल्ट स्टेनलेस स्टीलचे घ्या. जाळी ५५ सें.मी.च्या आसपासची, गोल शेगडीवर वापरतात तशी घ्या. जुन्या फ्रिजच्या जाळ्या वापरू नका. त्यांच्या मुलाम्यात कॅडमियमसारखा विषारी धातू असू शकतो.

हवेची भोकं किती आणि केवढी?

तीन किंवा चार नळ्या, प्रत्येकीचा आतला व्यास साधारण २० मि.मी. (पाऊण इंची पाइप निपल, म्हणजे आटे पाडलेला पाइपचा आखूड तुकडा). त्या पिंपाभोवती समान अंतरावर बसवा. एका नळीवर बॉल व्हॉल्व्ह (दांडा फिरवून कमी-जास्त उघडणारी तोटी), बाकीच्यांवर आटे असलेली साधी टोपणं. सगळ्यांवर व्हॉल्व्ह बसवणारे बरेच आहेत, पण मला ते अनावश्यक वाटतं. टोपण एकतर उघडं किंवा बंद असतं आणि बारीक फरक एका व्हॉल्व्हने होतो. चार व्हॉल्व्ह अर्धवट उघडे असले की कशाने काय झालं ते कळत नाही. नळीला लॉकनट आतून आणि बाहेरून आवळा. आधी बारीक बिटने भोक पाडून मग स्टेप बिटने (पायऱ्या-पायऱ्यांनी जाड होत जाणाऱ्या बिटने) मोठं करत गेलात तर पत्रा फाटत नाही.

धुराडं केवढं हवं?

आत येणाऱ्या हवेपेक्षा बाहेर पडायची वाट नेहमी मोठी असावी. २० मि.मी.च्या तीन नळ्यांचं मिळून क्षेत्रफळ साधारण ९.४ चौ.सें.मी. भरतं. झाकणात १२ मि.मी.ची आठ भोकं पाडली तर जेमतेम ९ चौ.सें.मी. होतं, ५० मि.मी.चं एकच भोक जवळपास २० चौ.सें.मी. देतं. भोकाचा व्यास दुप्पट झाला की क्षेत्रफळ चौपट होतं, हे ध्यानात ठेवलं की आकडेमोड सोपी जाते. पुष्कळ झाकणांना दोन इंची बुचाचं भोक असतंच, त्यात पाइपचा तुकडा बसवला की काम झालं.

आणि धुराडं पूर्ण उघडं ठेवा. शिजवताना तापमान कमी करायला म्हणून ते कधीही दाबू नका. धूर आत कोंडला की मांसावर डांबरासारखा कडू थर बसतो. आच सांभाळायची ती खालच्या हवेने.

कोळशाची टोपली कशी बनवायची?

एक्सपांडेड मेटलची (पत्रा चिरून-ताणून बनवलेली) जाळी गोल वळवून, ३५ ते ४० सें.मी. व्यासाची, २० ते २५ सें.मी. उंच. तळालाही तीच जाळी. खाली पाय म्हणून चार लांब बोल्ट. वेल्डिंग येत नसेल तर जाड तारेने किंवा नट-बोल्टने बांधलेली टोपलीही टिकते. उचलायला वर आडवी सळई लावा. टोपलीखाली राखेसाठी ताट ठेवलंत तर साफसफाई सोपी होते.

रंग आणि पहिलं तापवणं?

रंग फक्त बाहेरून, उच्च तापमान सहन करणारा. आतून कुठलाही रंग नाही. रंग वाळला की आत तेल फासा आणि रिकामा स्मोकर १२० ते १५० अंश सेल्सिअसवर तीन-चार तास चालवा, सोबत दोन-तीन लाकडाचे तुकडे टाका. आतला पत्रा गडद तपकिरी होतो आणि गंजापासून वाचतो. यातून तुमच्या व्हॉल्व्हची सवयही होते. पहिल्याच दिवशी पाहुणे बोलावू नका.

पेटवायचा कसा?

टोपली न पेटलेल्या कोळशाने भरा, लाकडाचे मुठीएवढे तीन-चार तुकडे मधूनमधून दडपा. मधोमध खळगा करा. वेगळ्या पेटवणीच्या डब्यात १२ ते १५ कोळसे राखाडी होईपर्यंत पेटवा आणि त्या खळग्यात ओता. आग वरून हळूहळू पसरत जाते. स्पर्धांमध्ये ही पद्धत रुळवणाऱ्या जिम मिनियन यांच्या नावावरून तिला मिनियन पद्धत म्हणतात. पेट्रोल, रॉकेल, प्लास्टिक काहीही वापरू नका. वास मांसात उतरतो, आणि पेट्रोलचा भडका तर जीवावर बेततो.

आता खरं कौशल्य. सुरुवातीला सगळ्या नळ्या उघड्या. तापमान चढत हव्या त्या आकड्याच्या १५ अंश अलीकडे पोचलं की टोपणं लावायला सुरुवात करा आणि शेवटी फक्त व्हॉल्व्ह ठेवा. १२० हवेत आणि तुम्ही १२० वर पोचल्यावर हवा कमी केलीत, तर ते १५० वर जाऊन थांबतं. चढणारं तापमान रोखणं सोपं, चढलेलं उतरवणं अवघड. प्रत्येक बदलानंतर १५ ते २० मिनिटं हात लावू नका. चार-पाच किलो कोळशावर १२० अंशांना आठ-दहा तास सहज निघतात.

ब्रिकेट (कोळशाची भुकटी दाबून केलेल्या वड्या) की साधा लाकडी कोळसा? लांबलचक शिजवणीला ब्रिकेट, कारण त्यांचा आकार सारखा असल्याने आग एकसारखी सरकते. कोंबडीसारख्या झटपट कामाला लाकडी कोळसा मला जास्त आवडतो. तो लवकर तापतो आणि राखही कमी करतो.

तापमान चढतच चाललंय. काय करू?

सगळ्या नळ्या बंद करा, धुराडं उघडंच ठेवा आणि झाकणाला हात लावू नका. झाकण उघडून गरम हवा जाऊ द्यावी असं वाटतं, पण उघड्या तोंडातून भरपूर हवा निखाऱ्यांवर पडते आणि झाकण लावल्यावर आग आधीपेक्षा जोरात भडकते. अर्ध्या तासात उतार दिसला नाही तर हवा दुसरीकडून शिरते आहे.

गळती शोधायची तर पिंप थंड असताना, अंधारात, आत टॉर्च ठेवून झाकण लावा आणि बाहेरून उजेड कुठे दिसतो ते बघा. वापरलेल्या पिंपावर शोध आणखी सोपा असतो: गळतीच्या जागेखाली पत्र्यावर तपकिरी, चिकट ओघळ सुकलेले दिसतात. नळ्यांच्या लॉकनटभोवतीची फट मात्र सहसा नजरेतून सुटते, आणि ती नेमकी निखाऱ्यांच्या पातळीवर असते. तिथे उच्च तापमानाचं सीलंट भरा.

गळती नसेल तर बहुधा सुरुवातीचे पेटते कोळसे जास्त झाले. पुढच्या वेळी निम्मे घ्या.

झाकणाच्या कडेतून धूर येतो. मोठी अडचण आहे का?

थोडा येत असेल तर नाही. वरची गळती खालच्या गळतीइतकी त्रास देत नाही, आणि चरबी-धुराचा थर साचून बारीक फटी आपोआप बुजतात. जास्त येत असेल तर काठ वाकला असेल. रबरी हातोडीने आतून-बाहेरून हलके ठोकून सरळ करा. तरी नाही जमलं तर स्मोकरसाठी मिळणारी उष्णतारोधक फेल्टची पट्टी चिकटवा. जुनी रबरी रिंग परत बसवू नका, ती वितळते.

तापमान चढतच नाही.

राखेने टोपलीचा तळ किंवा नळ्यांची तोंडं बुजली आहेत का ते आधी पाहा. नळीतून पातळ सळई घालून हलवली की लगेच फरक पडतो. मग कोळसा दमट आहे का, धुराडं मोकळं आहे का, आणि वारा कुठल्या बाजूने आहे. उघडी नळी वाऱ्याच्या तोंडावर आली की आग भडकते, आडोशाला गेली की मंदावते. वाऱ्याच्या दिवशी आडोसा उभा करा. थंडीत किंवा पावसात कोळसा जास्त लागतो, त्याला इलाज नाही.

धूर पांढरा दाट आहे आणि मांस कडू लागतं.

लाकूड नीट न पेटता नुसतं धुमसतंय. मांस पेटवल्यावर लगेच ठेवलंत का? अर्धा-पाऊण तास थांबा. गडद झाडाच्या किंवा भिंतीच्या पार्श्वभूमीवर धुराड्याकडे पाहा: आधी पांढरे लोट, मग ते विरळ होतात, मग निळसर धागा उरतो, आणि शेवटी धूर जवळजवळ दिसतच नाही, फक्त वरची हवा थरथरते. तेव्हा मांस ठेवायचं. लाकूड भिजवून टाकण्याचा सल्ला सोडून द्या. ओलं लाकूड आधी वाफ सोडतं आणि आग थंड करतं.

लाकूड टणक आणि वाळलेलं हवं: ओक, हिकरी, सफरचंद, चेरी. पाइनसारखं राळेचं लाकूड, प्लायवुड, रंगवलेल्या किंवा रसायन मारलेल्या फळ्या कधीच नकोत.

थर्मामीटरवर विश्वास ठेवू का?

झाकणावरच्या तबकडीवर नको. जाळीच्या पातळीला, मांसापासून थोडं दूर प्रोब (थर्मामीटरची तापमान मोजणारी सळई) ठेवा. मधोमध आणि कडेला २० अंशांचाही फरक असू शकतो, म्हणून प्रोबची जागा एकदा ठरवली की बदलू नका. प्रोब तपासायला बर्फ-पाण्यात ० आणि उकळत्या पाण्यात १०० दाखवतो का पाहा; उंचावरच्या ठिकाणी पाणी दर ३०० मीटरला साधारण १ अंश आधी उकळतं.

मांस ७० अंशांवर अडकलंय, तासभर आकडा हलत नाही. आग गेली का?

आग ठीक आहे. मोठ्या तुकड्याचं आतलं तापमान ६५ ते ७५ अंशांच्या दरम्यान थबकतं, कारण पृष्ठभागावरून उडणारी वाफ जितकी आच येते तितकी घेऊन जाते. घाबरून हवा वाढवली की बाहेरचा भाग करपतो. थांबा, किंवा कागदात वा फॉइलमध्ये गुंडाळा. फॉइलने वेळ जास्त वाचतो, पण वरचा कुरकुरीत थर मऊ पडतो.

डुकराचा खांदा तंतू सुटावेत म्हणून आणि ब्रिस्केट (गुरांच्या छातीचं मांस) मऊ व्हावं म्हणून ९३ ते ९६ अंशांपर्यंत न्यावं लागतं. कोंबडी मात्र सर्वांत जाड भागात ७४ अंशांना पोचलीच पाहिजे. तिथे अंदाज चालत नाही. धुराजवळच्या मांसाला येणारी गुलाबी कड कच्चेपणाची नसते. धुरातले वायू मांसाला लाल रंग देणाऱ्या मायोग्लोबिनशी जोडले जाऊन ती तयार होते.

मध्ये पाण्याचं भांडं किंवा तवा ठेवावा का?

कोंबडी आणि बरगड्यांसाठी नको, चरबी निखाऱ्यांवर पडू द्या. ब्रिस्केटसारख्या लांब शिजवणीत मधोमध तवा ठेवला तर खालची बाजू वाचते. तो पिंपापेक्षा बराच लहान हवा, कडेने हवा वर यायला पाहिजे.

एकच बाजू करपते.

त्या बाजूची नळी उघडी आहे. मांस दर दीड-दोन तासांनी फिरवा किंवा उघडी नळी बदला. टोपली मधोमध आहे का तेही पाहा.

झाकण उघडलं आणि आतून भडका उडाला!

हवेविना गुदमरलेल्या आगीला एकदम हवा मिळाली. झाकण नेहमी आधी बोटभर उचला, क्षणभर थांबा, तोंड लांब ठेवा, मग बाजूला उभं राहून पूर्ण काढा. जाड हातमोजे घाला. चरबी पेटली असेल तर झाकण लावा, नळ्या आणि धुराडं बंद करा. पाणी टाकू नका.

गॅरेजमध्ये किंवा बंद बाल्कनीत चालवला तर?

नाही. जळत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि दार अर्धं उघडं ठेवल्याने तो धोका जात नाही. विझत आलेला कोळसाही तो सोडत राहतो, म्हणून गरम स्मोकर घरात आणूनही ठेवायचा नाही. उघड्यावर, भिंतीपासून आणि सुक्या गवतापासून दूर, विटांवर किंवा फरशीवर उभा करा.

गंज आणि साफसफाई?

आतला चरबी-धुराचा थर खरवडू नका; सुट्या खपल्या मांसावर पडतील तेवढ्याच काढा. जाळीवर तारेचा ब्रश चालवलात तर नंतर ओल्या फडक्याने पुसा, तुटलेली तार अन्नातून पोटात गेली तर गंभीर इजा होते. राख मात्र पिंपात ठेवू नका. ती दमट झाली की तळाचा पत्रा खाते, आणि पिंप आधी सडतं ते तिथेच. बुरशी धरली तर रिकामा स्मोकर चांगला तापवून जाळून घ्या, मग पुसून तेल लावा.

शिजवून झाल्यावर उरलेला कोळसा वापरता येतो?

येतो. सगळ्या नळ्या आणि धुराडं बंद केलं की आग गुदमरून विझते. घट्ट पिंपात निम्मा कोळसाही शिल्लक राहू शकतो. दुसऱ्या दिवशी टोपली हलवून राख पाडा, उरलेले तुकडे खाली आणि नवा कोळसा वर घाला. राखेत निखारे दिवसभर तग धरतात, म्हणून ती झाकणाच्या धातूच्या डब्यात भरा आणि पूर्ण गार झाल्याशिवाय कचऱ्यात टाकू नका.